रिकाम्या जागेचा फोटो

"ही बाटली कोणाची?"

थोरलीने दुधाची बाटली दोन बोटांत धरून वर उचलली होती, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तशी.

"माझी नाही," धाकटी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "मी कपाने पिते."

"माझ्या कीबोर्डाला टेकून ठेवली होती. झाकण न लावता."

"मग लावा झाकण."

थोरलीने झाकण लावलं नाही. बाटली नेऊन खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. आता दूध नासणार हे दोघींनाही कळलं. धाकटी उठली, बाटली उचलून पिशवीत टाकली आणि खुर्चीत बसताना मुद्दाम जोरात बसली. तिची खुर्ची करकरायची आणि तो आवाज थोरलीच्या डोक्यात जायचा.

खोली एक, टेबलं दोन, खिडकी एक. दोघी आकाशात फुटणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करत. संस्थेतल्या लोकांनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती, एका चुलीवर दोन जावा असाव्यात तशी. थोरलीचं आणखी एक नाव होतं, वजाबाकीबाई. ते तिला माहीत होतं आणि आवडायचंही, कारण तिचं सगळं आयुष्य वजाबाकीत गेलं होतं.

काम असं होतं. आकाशात कुठेतरी अचानक गॅमा किरणांचा लोळ उठतो. काही सेकंदांचा खेळ. फिरता उपग्रह तो पकडतो, ड्यूटीवर असलेल्या माणसाचा फोन वाजतो आणि जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला माना वळवतात. तिथे मागे उरलेला उजेड दिसतो, तोही दिवसागणिक विझत जातो. पण कधी कधी, विझलं विझलं म्हणेपर्यंत, त्याच जागी दुसरा उजेड हळूहळू चढू लागतो. तो अतिनवतारा. म्हणजे एक भलामोठा तारा मेला आणि मरताना त्याने तो लोळ फेकला, याचा पुरावा.

अडचण एवढीच, की तो ज्या दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या ज्या समूहात, असतो तिचा स्वतःचाही उजेड असतो. त्यात ताऱ्याचा उजेड कुठला आणि घरचा कुठला हे कळत नाही. म्हणून सगळं विझून गेल्यावर त्याच जागेचा पुन्हा एक फोटो काढायचा, रिकाम्या जागेचा. तो आधीच्या फोटोतून वजा करायचा. मागे उरेल तो तारा.

थोरलीच्या पाठीमागे भिंतीवर चौकट टांगलेली होती. आत करड्या रंगाचा चौकोन, मधोमध लाल वर्तुळ आणि वर्तुळात काही नाही. खाली छापलेलं, 'अतिनवताऱ्याविना स्फोट'. ती तरुण असताना तिने हे दाखवलं होतं. एवढा मोठा स्फोट आणि मागे तारा नाहीच. त्या एका चित्रावर पुढे किती जणांनी आपापले सिद्धांत उभे केले. ते पाठ्यपुस्तकांत गेलं. खोली झाडायला येणाऱ्या मावशी रोज त्या काचेवर फडकं फिरवत आणि महिन्यातून एकदा तरी विचारत.

"बाई, यात काय आहे हो?"

"काही नाही."

"मग मी रोज पुसते ते काय?"

थोरली हसायची. दिवसभरातलं तेवढंच हसू असायचं.

धाकटीने खोलीत आल्या वर्षीच त्या चित्राला हात घातला. जुने दोन्ही फोटो साठवणीतून काढले, तारखा लावल्या आणि सरळ थोरलीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, तुमचा पहिला फोटो दुसऱ्या आठवड्यातला आहे, तारा चढत असतानाचा. आणि रिकामी जागा म्हणून जो वापरलात तो पुढच्याच महिन्यातला. तेव्हा तारा उतरत असणार, विझलेला नाही. चढताना जेवढा तेजस्वी, उतरताना नेमका तेवढाच असेल, तर वजाबाकी शून्य येणारच. तुम्ही ताऱ्यातून तारा वजा केलात."

त्या वेळी पोटुशी होती ती. थोरलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं.

"झालं बोलून? आता जाऊन झोप जरा. पाय सुजलेत तुझे."

खरं काय ते कळायला एक नवा फोटो पुरेसा होता, आज काढलेला, त्याच जागेचा. पण काहीच नसलेल्या जागेचा फोटो काढायला दुर्बिणीची वेळ कोण देणार? वेळ वाटणाऱ्या समितीवर थोरली स्वतः होती. धाकटीचा अर्ज तिने दोनदा फेटाळला. तिसऱ्या वेळी प्रमुखांनी तिला न कळवता बैठक घेतली आणि अर्ज मंजूर केला.

आज तो फोटो निघायचा होता. इथे दुपार होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुर्बीण असलेल्या डोंगरावर, अंधार पडत होता. ती जागा तिथे संध्याकाळी थोडा वेळच क्षितिजाच्या वर असणार होती, मग मावळणार. उद्यापासून कॅमेरा दुरुस्तीला उतरवणार होते, आणि तो परत बसेपर्यंत आकाशाचा तेवढा तुकडा सूर्याआड गेलेला असणार. मग पुढचं वर्ष. आणि धाकटीची नेमणूक पुढच्या वर्षापर्यंत पुरणारी नव्हती.

प्रमुख दारात डोकावले. एकेकाळी थोरलीचाच विद्यार्थी. आता डोक्यावरचे केस गेले होते आणि आवाजात तूप आलं होतं.

"काय, तयारी झाली का? दोघींनी मिळून करा हं. शेवटी संस्थेचंच काम आहे."

"मला समितीतून वगळलं हे मला शिपायाकडून कळलं," थोरली म्हणाली.

"वगळलं असं नाही बाई... हितसंबंधांचा प्रश्न येतो ना. आणि तुम्हीच शिकवलंत आम्हाला, वाद घालू नका, मोजून बघा."

"दारात उभं राहून बोलू नये, हेही शिकवलं होतं. ते राहिलं वाटतं."

प्रमुख हसले, घड्याळ पाहिलं आणि विमानतळावर पाहुणे यायचेत म्हणून निघून गेले. भांडणाच्या वेळी त्यांचे पाहुणे नेहमी विमानतळावर असत.

धाकटीचा फोन वाजला. पलीकडून बोलणारी बाई संस्थेच्या आवारातल्या पाळणाघरातली होती. तिच्या आवाजामागे एक रडणं ऐकू येत होतं आणि आपल्या पोराचं रडणं गर्दीतूनही वेगळं ऐकू येतं. धाकटीच्या अंगावरचा शर्ट दोन ठिकाणी ओला झाला. तिने घाईने हातांची घडी घातली.

"किती आहे ताप?... उलटी कधी झाली?... नाही नाही, काही देऊ नका, मी आलेच."

फोन ठेवून ती उभी राहिली आणि तशीच राहिली. स्क्रीनच्या कोपऱ्यात डोंगरावरचं आकाश दिसत होतं, अजून निळसर, त्यात पहिले दोनतीन ठिपके.

"जा," थोरली म्हणाली.

"अर्ध्या तासात दिसायला लागेल ते."

"मग अर्ध्या तासात दिसेल. पोराला ताप आहे ना? जा."

"फोटो कोण घेणार?"

"तक्त्यावर आज कोणाचं नाव आहे? माझंच आहे ना ड्यूटीला?"

धाकटीने पिशवी खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. "तुम्ही घेणार नाही. मला माहितीये. संध्याकाळी म्हणाल, ढग होते."

 या कामात शिवी द्यायची तर याहून मोठी शिवी नाही. थोरलीने आपला चष्मा काढला, पुसला, घातला.

"निघ तू," ती म्हणाली. "आणि दार ओढून घे."

दार आपटलं.

डोंगरावरचा ऑपरेटर फोनवर होता. तो काहीतरी कुरकुरीत खात होता.

"मॅडम, नमस्कार. आज तुम्ही? ते दुसऱ्या मॅडमचं काम होतं ना?"

"आज मी. खाणं आटप आधी, कानात उंदीर कुरतडल्यासारखं वाटतंय."

"सॉरी मॅडम." एक घोट, एक खाकरणं. "अंधार पडलाय, जागा दिसतेय. पण वारा सुटलाय. हवा थरथरतेय, तारे नुसते फुगलेत. असला फोटो काय कामाचा? सोडू का? यादीत बाकीचं बरंच आहे."

सोडू का. इतकं सोपं होतं ते. ढगसुद्धा म्हणायला नको, वारा म्हणायचं, आणि तो खोटाही नव्हता. ऑपरेटरच्या नोंदीत तेच लिहिलं जाईल. कोणीही बोट दाखवू शकणार नाही.

ती स्वतः दोनदा गेली होती त्या डोंगरावर. तेव्हा घरबसल्या फोटो निघत नसत. विमान, मग दुसरं विमान, मग जीप, मग उंचीमुळे डोकं फुटेस्तोवर दुखणं. पहिल्यांदा गेली तेव्हा लेक पाळण्यात होती. स्फोटाची बातमी आली आणि बहिणीकडे पोर टाकून ती निघाली. महिन्याने रिकाम्या जागेच्या फोटोसाठी पुन्हा गेली. खरं तर वर्षभर थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या देशातली माणसं त्याच स्फोटाच्या मागे होती, आणि तिचे सर म्हणाले होते, "थांबलीस तर ते छापतील."

"मॅडम? आहात ना?"

"आहे. थांब जरा. संध्याकाळचा वारा आहे, पडेल."

"पडला नाही तर?"

"तर नाही पडला. तुला कुठे लग्नाला जायचंय?"

तो हसला.  तिने धाकटीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक इवलासा मोजा पडला होता, अंगठ्याच्या टोकाला ओढून ओढून लांबट झालेला. लहान मुलाचा नेहमी एकच मोजा सापडतो. तिने तो उचलला नाही. पाहत मात्र बसली.

"मॅडम, आता खाली चाललंय. घ्यायचा तर हीच वेळ."

"घे."

फोटो आला. तारे लोण्यात बोट फिरवावं तसे पसरलेले. तिला एका नजरेत कळलं, या फोटोतून काहीच ठरणार नाही, तारा होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. धाकटीची वेळ मात्र खर्ची पडली. भिंतीवरचं चित्र जिथल्या तिथे राहिलं असतं आणि थोरलीवर खोटेपणाचा एक शिंतोडाही उडाला नसता. फोटो तर घेतला होताच तिने.

"चालेल ना हा?" ऑपरेटरने विचारलं.

"तुला चालेल का?"

"मला काय मॅडम, मी बटणं दाबणारा."

"डोळे आहेत ना? सांग."

"...नाही चालणार."

"मग पुन्हा घे. फोकस नीट कर आधी."

"पण त्या मॅडमची वेळ संपली. यापुढे तुमचं काम आहे. तुमचा तो नवा स्फोट."

तो नवा स्फोट म्हणजे परवाचा. त्याचा उजेड आज नाही पाहिला तर परत कधी दिसणार नव्हता. थोरलीच्या हातात आता असले स्फोट फार उरले नव्हते.

"माझ्या वेळेतून घे."

"मॅडम, बघा हं. ते परत मिळणार नाही."

"मला शिकवतोस का? घे म्हटलं ना!"

ती इतक्या जोराने ओरडली की बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी थांबलं आणि पुढे गेलं. ऑपरेटरने मुकाट्याने फोकस लावला. वारा पडत होता. दुसरा फोटो बरा आला. तिसरा स्वच्छ आला, तारे टाचणीच्या टोकासारखे. ती जागा क्षितिजाला टेकली आणि गेली.

"मिळालं?" त्याने विचारलं.

"मिळालं. आता खा तुझं काय ते."

वजाबाकी करायला आता तयार प्रोग्रॅम होता. थोरलीने तो वापरला नाही. तिने आपला जुना पहिला फोटो उघडला, त्यावर आजचा ठेवला, एकेक तारा धरून नेमका एकावर एक बसवला. आजच्या ताऱ्यांची धार जुन्यांइतकी बोथट केली. असं जुळवताना तिची बोटं भाजी निवडणाऱ्या बाईसारखी आपोआप चालायची. मग वजा केलं.

तारे एकामागून एक गेले. दीर्घिका गेली. करडा चौकोन उरला. आणि वर्तुळात, मध्यापासून किंचित डावीकडे, एक पांढरा ठिपका.

तिने दुसरा जुना फोटो घेतला, ज्याला ती इतकी वर्षं रिकामी जागा म्हणत आली होती. त्यातून आजचा वजा केला. तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच उजळ. एक चढतानाचा, एक उतरतानाचा.

तिने पुन्हा मोजलं. मग पुन्हा. पहिल्यांदा तिला राग आला. मेलेल्या सरांचा, पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांचा, दार आपटून गेलेल्या त्या पोरीचा. राग धरून ठेवायचा तिने बराच प्रयत्न केला. पण ठिपका तिथेच होता. त्याच्याकडे पाहत राग धरता येईना.

धाकटी आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. खांद्यावर पोर झोपलं होतं, गाल औषधाने घामेजलेले, एका पायात मोजा आणि एक पाय उघडा. ती उंबऱ्यातच थांबली.

"ढग होते ना?"

"वारा होता. बस."

"मला खरं काय ते सांगा. उभ्यानेच ऐकते."

"बस म्हटलं ना. माझ्या खुर्चीवर बस, तुझी करकरते. पोर उठेल."

धाकटी थोरलीच्या खुर्चीत बसली. एक हात पोराच्या पाठीवर, दुसरा टेबलावर. समोर दोन करडे चौकोन होते. तिने पाहिलं. पाळण्यात डोकावून पाहतात तशी ती पुढे वाकली. मग तिने कडेची नोंद वाचली, कोणता फोटो कोणाच्या वेळेतून घेतला ती. वाचून झाल्यावरही बराच वेळ तिची नजर तिथेच होती.

"हे जुळवलं कोणी? हाताने जुळवलंय हे."

"मावशींनी."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने दोन्ही पोराच्या खांद्यात दाबून टाकलं.

"तुम्ही वर्षाने परत का नाही गेलात?" तिने थोड्या वेळाने विचारलं. "तेव्हाच कळलं असतं. तुम्हालाच कळलं असतं."

थोरली खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. "दुसऱ्यांदा परत आले तर पोर ओळखेना मला. माझ्याकडे येईना. बहिणीच्या मानेला घट्ट धरून रडायला लागली, मी चोर असल्यासारखी." ती थांबली. "सर म्हणाले, दोन फोटो पुरेत. मला तेच ऐकायचं होतं."

  धाकटीने पोराचा उघडा पाय आपल्या मुठीत घेतला.

"लिही आता," थोरली वळली. तिच्या आवाजाला पुन्हा धार आली होती. "आजच पाठव. आणि 'चूक झाली' असं सरळ लिही. पुनर्मूल्यांकन, नवे संदर्भ असले भरजरी शब्द मला नकोत."

"नाव कोणाचं?"

"चुकीला माझं. ठिपक्याला तुझं."

"बाई, मी सकाळपासून तुम्हाला फार वाईट बोलले. ते ढगांचं तर..."

"बोललीस. तुझ्याबद्दलचं माझं मतही काही बदललेलं नाही. बाटलीला झाकण लावत नाहीस, खुर्चीला तेल घालत नाहीस. हा मोजा घे. मघापासून मधे येतोय."

धाकटी एका हाताने लिहू लागली. थोरलीने भिंतीवरची चौकट उतरवली, टेबलावर आडवी ठेवली. फळ्यावर लिहायचं पेन घेतलं. स्क्रीनकडे एकदा, काचेकडे एकदा असं बघत तिने अंतर धरलं आणि लाल वर्तुळाच्या आत, मध्यापासून किंचित डावीकडे, काचेवर एक ठिपका दिला. मग चौकट परत खिळ्याला लावली.

"सरळ आहे का?"

"उजवीकडून जरा वर," धाकटी मान न वळवता म्हणाली.

मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा थोरली आपलं सामान पिशवीत भरत होती. मावशींनी झोपलेलं पोर पाहून बादली आवाज न करता टेकवली, फडकं पिळलं आणि सवयीने आधी चौकटीकडे गेल्या. हात वर नेला तो तिथेच थांबला.

"अगंबाई, इथे डाग पडला वाटतं. शाईचा दिसतोय."

"डाग नाही तो," थोरली म्हणाली. "राहू दे."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मग फडक्याचं टोक बोटावर गुंडाळलं आणि ठिपका सोडून बाकीची काच पुसली.